साडेसहा सेकंद

विट्यात माणूस आवाजानं जागा होत नाही.
आवाज थांबला की होतो.
रात्री दोनला लाइट जाते,
गल्लीतले चाळीस माग एकदम गप होतात
आणि पाळण्यातली पोरंसुद्धा डोळे उघडतात.

मी तिथला जॉबर. एकतीस वर्षं.
हात लावायच्या आधी कानानं माग धरतो:
पट्टा सैल आहे, की धोटा पेटीत उशिरा पोचतोय,
की बिचारा नुसतं तेल मागतोय.
पण माझ्याच छातीतला बिघाड
मला ऐकू आला नाही. कलावतीला आला,
पाठीला कान लावून झोपते म्हणून.
"ह्याला ताल नाही ओ," म्हणाली,
"फाटक्या पोत्यातनं हरभरे सांडल्यागत वाजतंय."

मिरजेला नेलं.
डॉक्टर मगदूमांनी कागदाच्या पट्टीवर पेन टेकवलं.
वरचे कप्पे नुसते थरथरतात,
खालच्यांना कळत नाही कुणाचं ऐकायचं.
जांघेतून तार नेऊ, मधला पडदा टोचू,
डाव्या कप्प्यात चार शिरांची तोंडं आहेत,
त्यांच्याभोवती डाग देत देत कडं पुरं करू.
चुकार वीज तिथनं येते.
मी म्हटलं, म्हणजे शॉर्ट सर्किट.
ते हसले. सही कुठं करायची ते दाखवलं.
सहीच्या वर बारीक अक्षरात बरंच काय काय होतं.
चष्मा गाडीत राहिला होता,
असं मी अजून सांगतो.

थंडगार खोली. अर्धी झोप.
पडद्यावर रंगीत रेघा,
ताण्यातनं सुटलेल्या दोऱ्यांसारख्या.
"दुखलं तर सांगा काका," सिस्टर सालोमी म्हणाली.
छातीत तापली सळई टेकत होती, उचलत होती,
मशीन टिक, टिकटिक, टिक,
वेडंवाकडं, पण चालू.

मग एकाएकी ते सरळ झालं.
सरळ, आणि भलतं वेगात,
शेठनं पुली बदलून माग पळवावा तसं.
मला वाटलं, झालं, बसलं जाग्यावर.
कुणीतरी म्हणालं, "फ्लटर."
मगदूम म्हणाले, "दिसतंय. अजून एक डाग."

आणि लाइट गेली.

म्हणजे दिवे होते. मी पाहिले.
आवाज गेला.
तेवढ्यानं मी जागा झालो,
पाळण्यातल्या पोरासारखा, टक्क.

बाण्याचं सूत तुटलं की काटा पडतो
आणि माग आपण होऊन थांबतो,
हे मी कितीक पोरांना शिकवलंय.
घाबरायचं नाही, तो बिघडला नाही,
तो तुमची वाट बघतोय, जाऊन गाठ मारा.
गाठ मारणारा कुठं दिसेना.
हिरव्या टोप्या दिसल्या,
त्यांच्या कडा काळ्या व्हायला लागल्या,
"पेस करा, पेस," असं कुणीतरी
चार गल्ल्या पलीकडून ओरडलं

आणि आतून कोपर बसलं.
ठक.
माझं नव्हतं ते. उसन्या तारेचं होतं.
ठक. ठक.
उसनं तर उसनं.

बाहेर येऊन मगदूम कलावतीला म्हणाले,
साडेसहा सेकंद थांबलं होतं, आता ठीक आहे.
तिनं तिथंच हिशोब केला.
मिनिटाला एकशे दहा धागे, म्हणजे बारा.
बारा धाग्यांची फट पडली
तर व्यापारी तागा परत करतो.
हे तिनं मला घरी आल्यावर सांगितलं,
आणि मग बराच वेळ
भांडी घासत राहिली.

आज नववा दिवस.
वजन उचलायचं नाही.
तीन महिने काही खरं धरायचं नाही,
डाग भरेपर्यंत जुनं वाजणं परत येऊ शकतं,
आलं म्हणून घाबरू नका, असं सांगितलंय.

काल रात्री कुठंतरी एक ठोका उशिरा पडला.
मी उठून बसलो, उशाखाली पान्हा चाचपला.
"रोकड्यांचा तिसरा माग," म्हटलं.
कलावतीनं माझं मनगट धरलं.
"त्यांचा," तिनं विचारलं, "का तुमचा?"

लाइट न लावता
दोघं ऐकत बसलो.